ल्युबा सावचुकने घातलेली ओकची जमीन

सत्तावीस वर्षं ल्युबा सावचुकच्या हाताखालून दुसऱ्यांच्या घरातल्या लाकडी जमिनी गेल्या. पोलंडमधल्या हाइनुफ्क्याच्या लाकूडकारखान्यात ती निवडीच्या टेबलावर होती. ओकच्या हातभर लांब पट्ट्या समोरून सरकत यायच्या आणि ल्युबाने, तिच्या डावीकडच्या निनाने, उजवीकडच्या गेन्याने, या तिघींनी एका नजरेत ठरवायचं: पहिली प्रत, दुसरी, तिसरी, की भट्टीत. गाठ असली तर दुसरी. काळी रेघ असली तर तिसरी. शंका आली तर दोन पट्ट्या एकमेकींवर आपटायच्या. चांगला ओक खणखणतो, आतून चिरलेला ठक्क करून गप्प बसतो. पहिल्या प्रतीच्या पट्ट्या वॉर्सात जायच्या, जर्मनीत जायच्या. ल्युबा मात्र संध्याकाळी घरी येऊन तपकिरी रंग फासलेल्या पाइनच्या फळ्यांवर चपला काढायची.

कारखाना बंद झाला तेव्हा गोदामात उरलेला माल कामगारांना वाटून टाकला. गावात असं एक घर नव्हतं जिथे कोठीत ओकच्या पट्ट्यांची चळत नव्हती. ल्युबाचीही होती, ताडपत्रीखाली. दर वसंतात तिचा नवरा बाझिली ताडपत्री उचलून बघायचा आणि म्हणायचा, "यंदा घालूच." मग सफरचंदाची छाटणी यायची, बटाटे यायचे, आणि ताडपत्री परत खाली पडायची. अशी नऊ वर्षं गेली.

दहाव्या वर्षी मार्चमध्ये बाझिली छाटणीच्या शिडीवरून उतरताना कसं तरी विचित्र हसला. हसला असं ल्युबाला वाटलं. खरं तर त्याचा अर्धा चेहरा ओघळला होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. आयुष्यभर जंगलातून ओंडक्यांचे ट्रक हाकलेला, हाकेला ओ देण्याआधी दोन शिव्या देणारा माणूस इस्पितळात पडून एकच शब्द म्हणायचा, "हे." पाणी हवं असलं तरी हे, खिडकी बंद कर तरी हे.

इस्पितळातून त्याला ब्यावीस्तोक शहरात व्यायामोपचाराच्या केंद्रात हलवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ल्युबाला बसवून सांगितलं, "अडीच महिन्यांनी घरी सोडू. एका हाताचा वॉकर धरून चालतील, पण घर सपाट पाहिजे. उंबरठे नकोत, गालिचे नकोत, डुगडुगणारी फळी नको. एकदा पडले की सगळी मेहनत पाण्यात."

ल्युबा घरी आली आणि दारातच उभी राहून आपल्याच घराकडे बघत राहिली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मध्ये चार बोटं उंच उंबरठे. खिडकीपाशी जमीन अशी खचलेली की तिथे ठेवलेला चेंडू आपणहून भिंतीकडे जावा. या जमिनीवर तिची मुलगी युस्तिना चालायला शिकली होती. बाझिलीला तिथे पुन्हा चालता येणार नव्हतं.

युस्तिनाने फोनवर झटकन निकाल लावला. "आई, प्लास्टिकच्या फळ्या टाक वरून. दोन दिवसांचं काम."

"खड्ड्यावर चादर घातली म्हणून खड्डा बुजतो का गं?"

"मग माणूस बोलाव."

ल्युबाने माणसं बोलावली. एकाला शरद ऋतूपर्यंत सवड नव्हती. दुसरा आला, खिडकीपाशी टाच आपटली, फटीतून स्क्रू-ड्रायव्हर खाली घातला. तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात सुरी जावी तसा. "खालच्या तुळया कुजल्यात, बाई. हे मी अंगावर घेत नाही," म्हणाला आणि चहाही न घेता गेला.

त्या दुपारी ल्युबा कोठीत गेली. ताडपत्री काढली. वरच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटल्या. खणखणल्या. मग तिने डोक्याला रुमाल बांधला आणि सायकल काढून थेट अंतोनी रोमानुककडे गेली.

अंतोनी सत्त्याहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं गावोगाव गुडघ्यांवर रांगून त्याने लाकडी जमिनी घातल्या, आणि त्या नादात गुडघे घालवून बसला. ल्युबाचं आणि त्याचं जुनं वैर. तो कारखान्याच्या फाटकावर वाकडी पट्टी घेऊन यायचा आणि साऱ्या पाळीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "ही पहिली प्रत? टेबलावरच्या बायकांना डोळे आहेत की शर्टाची बटणं?" आणि ल्युबा आतून ओरडायची, "पट्टी सरळच आहे, ठोकणारा वाकडा आहे!"

आता तो अंगणात मधमाश्यांच्या पेटीजवळ बसला होता. तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"तू लाकूड ओळखतेस," तो म्हणाला. "जमीन ओळखत नाहीस. बी ओळखलं म्हणून भाकरी थापता येत नाही."

"म्हणूनच आले, अंतोनीदादा."

"मी गुडघे टेकणार नाही. हातोडा धरणार नाही. स्टुलावर बसून बोलेन फक्त."

"बोलण्यात तुमचा हात कोण धरणार! बोलायलाच या."

"आणि जेवायला काय?"

"बटाट्याचा बाबका, किसून भाजलेला."

"वर तळलेली चरबी?"

"वर तळलेली चरबी."

"सोमवारी येतो."

सोमवारी आला तो पहिली आज्ञा देऊनच स्टुलावर टेकला. "पट्ट्या कोठीतून घरात आण. मध्ये फटी सोडून रच. पंधरा दिवस त्यांना हात लावायचा नाही. नऊ वर्षं बाहेरची हवा प्यायलंय ते लाकूड, घरातल्या हवेची सवय होऊ दे. नाहीतर घालशील आज आणि महिन्याभरात पाठ उचलेल."

पट्ट्या स्वयंपाकघरात विसावत होत्या तोवर ल्युबाने आतली जुनी जमीन उचकटायला घेतली. पहार घालायची आणि अंग टाकायचं. एकसष्टाव्या वर्षी तिला कळलं की पाठीत इतके वेगवेगळे स्नायू असतात. खालून वाळू निघाली, उंदरांची घरटी निघाली आणि निघाल्या त्या दोन तुळया, खिडकीखालच्या, हाताने चुरा व्हावा अशा.

शनिवारी युस्तिना ब्यावीस्तोकहून आली. उघड्या पडलेल्या घराकडे तिने पाहिलं आणि दारातच मटकन बसली. "आई, तुला वेड लागलंय. बाबा जूनच्या आधी येणार आणि तू घराला भोक पाडून बसलीस!"

"भोक आधीच होतं. मी फक्त झाकण काढलं."

"आणि जमलं नाही तर?"

ल्युबाने पहार भिंतीला टेकवली. ती म्हणाली, "बाहेर नव्या तुळया पडल्यात. तू एक टोक धर."

युस्तिना बडबडत उठली. पण टोक धरलं. दोघींनी मिळून दोन दिवसांत तुळया बसवल्या, अंतोनी स्टुलावरून पाणसळीतला बुडबुडा बघायला सांगायचा आणि दोघी पालथ्या पडून ओरडायच्या, "मध्ये आला! नाही, गेला! आला!" रविवारी संध्याकाळी निघताना युस्तिनाच्या नखांत माती होती. "पुढच्या शनिवारी येईन," ती म्हणाली. "येताना बाबांना भेटून येते. ते आता 'नको' म्हणायला लागलेत. नर्सना कंटाळा येईल इतकं म्हणतात."

तुळयांवर प्लायवूड बसलं. पंधरा दिवस झाले. अंतोनीने बजावलं होतं, "पहिली ओळ मी आल्याशिवाय घालायची नाही." पण ठरल्या दिवशी त्याला ताप आला. ल्युबाने सकाळभर वाट पाहिली. बाझिलीला यायला पंचवीस दिवस उरले होते. तिला वाटलं, यात काय एवढं? एका पट्टीला जीभ, दुसरीला खाच. जीभ खाचेत घालायची, तिरका खिळा मारायचा. भिंतीलगत सुरू करायचं, भिंत आहेच सरळ. तिने सुरू केलं. दिवस मावळायच्या आत आठ ओळी झाल्या. मधाच्या रंगाची ती आठ ओळींची जमीन पाहून तिला इतका आनंद झाला की तिने चपला काढल्या आणि त्यावरून अनवाणी दोन फेऱ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी अंतोनी मफलर गुंडाळून आला. बसला. बघितलं. बाबका मागून घेतला आणि शेवटच्या घासापर्यंत संपवला. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "दोरी लाव."

ल्युबाने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली. आठवी ओळ दोरीपाशी सुरू झाली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला तीन बोटं लांब गेली.

"तुझ्या सासऱ्याने ही भिंत रचली तेव्हा तो प्यालेला होता," अंतोनी म्हणाला. "आणि काल तू त्याच्या पंगतीला जाऊन बसलीस."

ल्युबाने दोरी सोडली. ती बाहेर गेली आणि सफरचंदाच्या झाडाखाली, अर्धवट छाटलेल्या फांद्यांखाली बसली. शिडी अजून तशीच खोडाला टेकलेली होती. मार्चपासून ती रडली नव्हती. इस्पितळात नाही, केंद्रात नाही. आता तीन बोटांसाठी रडली.

थोड्या वेळाने काठी टेकत अंतोनी आला. त्याला खाली बसता येत नव्हतं, म्हणून उभाच राहिला.

"माझी पहिली जमीन पाद्रीबाबांच्या घरी होती," तो म्हणाला. "तीनदा काढली. तिसऱ्या वेळी पाद्रीबाबांनी जो शब्द वापरला तो त्यांच्या कुठल्याच पोथीत नसेल."

ल्युबाने नाक पुसलं. "मग चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा मी दोरी लावली. ऊठ. भिंतीचं ऐकायचं नसतं. खोलीच्या मध्यावर दोरी धरायची आणि तिथून दोन्हीकडे जायचं. वाकडेपणा कडेला जातो, भिंतीलगत ठोकायच्या पट्टीखाली लपतो."

तिरके खिळे काढताना पट्ट्यांच्या जिभा तुटत गेल्या. चाळीसेक पट्ट्या वाया गेल्या. ल्युबाने उरलेल्या मोजल्या आणि खोलीची लांबी मोजली. पुरणार नव्हत्या. कारखाना नव्हता की जाऊन मागाव्यात, आणि त्या मापाची पट्टी आता कुणी बनवतही नव्हतं.

तिने निनाला फोन केला तो नुसतं मन मोकळं करायला. निनाने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "थांब." तासाभराने फाटक वाजलं. निना सायकलच्या मागे ढकलगाडी जोडून आली होती आणि तिच्या मागून गेन्या, नातवंडांची जुनी बाबागाडी ढकलत. दोन्ही गाड्या ओकच्या पट्ट्यांनी भरलेल्या.

"अगं, या तर तुमच्या. तुम्हाला नकोत का?"

"माझ्या नवऱ्याने अर्ध्यांचं कोंबड्यांचं खुराडं केलं," गेन्या म्हणाली. "उरलेल्या तुझ्याकडे तरी माणसांच्या पायाखाली जातील. चहा टाक."

चहा झाला, आणि मग कुणी न सांगता तिघी स्वयंपाकघराच्या टेबलाला जुन्या जागी बसल्या. निना डावीकडे, गेन्या उजवीकडे. हात आपोआप चालायला लागले.

"दुसरी," निना म्हणाली.

"तिसरी आहे ती. रेघ दिसत नाही का?"

"रेघ नाही, तुझ्या चष्म्यावरचा केस आहे."

"माझा चष्मा नवा आहे!"

"मग केस जुना असेल."

स्टुलावरून अंतोनीने संधी साधली. "चाळीस वर्षं मला प्रश्न होता की कारखान्यात प्रत कशी ठरते. आज कळलं. जी जोरात ओरडते ती जिंकते."

"तुम्ही गप्प बसा!" तिघी एकदम ओरडल्या, आणि मग तिघींना हसू आवरेना.

संध्याकाळपर्यंत ढीग लागले आणि कोणती पट्टी कुठे बसेल ते ठरलं. पहिल्या प्रतीच्या खिडकीकडे आणि वाटेवर. दुसऱ्या पलंगाखाली. तिसऱ्या, काळ्या रेघांच्या, कपाटाखाली, जिथे पाहुण्याची नजर जात नाही. भट्टीत एकही गेली नाही, कारण भट्टीत घालायला आता परवडणार नव्हतं.

या वेळी जमीन दोरीवरून सुरू झाली. ल्युबा रोज सकाळी गुडघ्यांना जुन्या उशा बांधायची आणि दुपारपर्यंत ठोकायची. हळूहळू हाताला कळायला लागलं की खिळा किती तिरका, शेवटचा घाव केवढा. भिंतीपाशी बोटभर फट सोडताना तिचा जीव तुटायचा. "एवढी जागा वाया?" अंतोनी म्हणायचा, "लाकूड श्वास घेतं. त्याच्या छातीवर बसू नकोस." उंबरठे निघाले. खोलीतली जमीन सरळ स्वयंपाकघरात वाहत गेली.

घासायचं मशीन भाड्याने आणलं. ते तिच्या हातातून बैलासारखं ओढ घ्यायचं. "थांबू नकोस! थांबलीस तिथे खड्डा!" अंतोनी किंचाळायचा. घर भुशाने पांढरं झालं, ल्युबाच्या भुवयाही. मग जवसाचं तेल, फडक्याने, हाताने, तीन वेळा, मध्ये दिवस-दिवस वाळवत. तेलाची फडकी अंतोनीने बाहेर कुंपणावर पसरून वाळत घालायला लावली. "गोळा करून कोपऱ्यात टाकलीस तर आपोआप पेटतात. मग जमीनही नको आणि घरही नको." चौथ्या दिवशी सकाळी ऊन आत आलं आणि सगळी खोली उजळली. युस्तिना दारात उभी होती. वाकली आणि तळहात जमिनीवर ठेवून बराच वेळ तशीच राहिली.

मे संपता संपता बाझिली आला. युस्तिनाने गाडी थेट पायरीपाशी लावली. तो वॉकर धरून दारात उभा राहिला. वजन घटलं होतं, सदरा खांद्यांवर लोंबत होता. डावा पाय टाकला. उजवा ओढला. पुन्हा डावा. खोलीच्या मध्यावर आला आणि थांबला. ल्युबाला वाटलं, दमला. ती पुढे धावली. त्याने मान हलवली. कपाळाला आठ्या घालून, घाम येईपर्यंत शब्द शोधला.

"आ... वाज."

"कसला आवाज?"

"ना... ही."

ल्युबाला आधी कळलं नाही. मग कळलं. जुनी जमीन करकरायची. तो खोलीत पडल्या पडल्या फळ्यांच्या करकरीवरून सांगायचा, ल्युबा चुलीपाशी आहे की खिडकीपाशी. या जमिनीचा आवाजच येत नव्हता. दोन महिने पाठ मोडून घातलेली जमीन, आणि नवरा तक्रार करतोय! तिचा चेहरा पडला. ते पाहून बाझिली हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हे हसू खरं होतं, ओळखीचं. मग ल्युबाच्या खांद्याला टेकून त्याने डावा हात वॉकरवरून सोडला, खाली दाखवला आणि अंगठा वर केला.

खिडकीपाशी पोचायला त्याला अकरा पावलं लागली.

पुढचं सगळं काही सुरळीत झालं नाही. जूनमध्ये तो पडला. लोकरी मोजे घालून एकटाच उठला आणि तेलाच्या गुळगुळीत ओकवरून घसरला. हाड मोडलं नाही, पण ल्युबा आठवडाभर स्वतःला दोष देत राहिली. अंतोनी बाबका खायला आला होता, तो म्हणाला, "जमीन पाडत नाही, मोजे पाडतात." मग कातडी तळव्याचे घट्ट जोडे आणले आणि बाझिली परत चालू लागला. आधी पलंग ते टेबल. मग टेबल ते चूल. ऑगस्टमध्ये तो पायरीवर जाऊन बसला आणि डाव्या हाताने सफरचंद सोलायची खटपट करत राहिला. उजवा हात मात्र परत आला नाही. बोलणं तुटकच राहिलं. आठवड्यातून एकदा एक बाई बोलण्याचा सराव घ्यायला यायची, चित्रं दाखवायची: मांजर, छत्री, ढग. बाझिली चित्रांकडे अशा नजरेने बघायचा की बाईच बिचारी ओशाळायची.

गेन्याने कोठीतून आणलेल्या पट्ट्यांच्या बदल्यात काही मागितलं नव्हतं. शरदात मात्र मागितलं. "ल्युबा, माझ्या बैठकीच्या खोलीतही घाल ना. पट्ट्या मी गावातून गोळा करते."

"मी? अगं, मी एकच घातलीय. दीड, ती काढलेली धरून."

"अंतोनीलाही येऊ दे स्टूल घेऊन."

अंतोनी स्टूल घेऊन आला. गेन्याची झाली. तिथून बातमी फुटली. हाइनुफ्क्यात घराघरांतल्या कोठ्यांत पट्ट्या पडून होत्या, घालणारे परगावी कामाला गेले होते, आणि निवडीच्या टेबलावरची एक बाई गुडघ्यांना उशा बांधून सरळ जमीन घालते म्हणे! हिवाळा संपेपर्यंत ल्युबाने पाच घरं केली. निना मदतीला यायला लागली. गुडघ्यांच्या उशा जाऊन चांगली कातडी गुडघापट्टी आली.

ल्युबा दिवसभर बाहेर, म्हणून फोन घरी वाजायचा, आणि घरी बाझिली. पहिल्यांदा त्याने नुसता उचलला आणि "हे" म्हणून ठेवला. दुसऱ्यांदा पलीकडच्या माणसाने हट्ट धरला, मोठ्याने विचारलं, "ल्युबाबाई आहेत का? कधी येतील?" बाझिली चिडला. चिडला की त्याचे शब्द जास्त निघायचे. "सं... ध्याकाळी!" मग वही आली. डाव्या हाताने तो वाकडीतिकडी नावं लिहायचा, गल्ल्या लिहायचा, वार द्यायचा. कुणी घाई केली तर त्यांना दमात घ्यायचा. चित्रं घेऊन येणारी बाई एकदा दारात थांबून ऐकत राहिली आणि पिशवीतून मांजर-छत्री न काढताच म्हणाली, "सावचुककाका, आज आपण फोनवरच बोलू या."

एप्रिलमध्ये एका दुपारी ल्युबा भुशाने माखून घरी आली. चहाचा कप घेऊन वही उघडली आणि तिचा आवाज चढला.

"बाझिली! हे काय केलंस? एकाच सोमवारी दोन घरं! एक गावाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. मी काय स्वतःला मधोमध कापून घेऊ?"

तो टेबलापाशी बसला होता. मान लाल झाली.

"चूक... झाली."

"चूक झाली म्हणे! लोक दारात वाट बघत बसतील, सामान हलवून ठेवतील. लिहिताना मागचं पान बघायला काय होतं?"

बाझिलीने डावा तळहात टेबलावर आपटला.

"मग तूच घरी बस आणि तूच उचल फोन!"

एका दमात. एकही शब्द न अडखळता. आणि शेवटी जंगलातल्या ट्रकवाल्यांची एक सणसणीत शिवीही.

ल्युबा कप घेऊन तशीच उभी राहिली. बाझिलीही स्वतःच्याच तोंडाकडे हात नेऊन थांबला, जणू ते दुसऱ्याच कुणी उघडलं होतं. बाहेर गेन्याचा नातू सायकलची घंटी वाजवत गेला. ल्युबाने कप खाली ठेवला, खुर्ची ओढली, त्याच्या समोर बसली आणि वही मध्ये ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "भांडू नंतर. आधी सांग, यातलं कुठलं घर बुधवारपर्यंत थांबेल?"

त्याने नावं वाचली, विचार केला आणि खालच्या नावावर बोट ठेवलं. मग पेन्सिल उचलून स्वतःच वार खोडला.